सड्यावरून सायकलने

"पावसात सड्यावर बघण्यासारखं काय असतं? नुसतं गवत!" असं बाईकवाले मित्र म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. त्या वेगात नखाएवढं फूल दिसणार कसं? सायकलवर ताशी दहाने गेलात तर सेकंदाला जेमतेम तीन मीटर, आणि पाय टेकून थांबायला काहीच लागत नाही. मालवण, कुंभारमाठ, चौके, धामापूर हा माझा आवडता रस्ता. चढ आहेत, पण घाई कुणाला आहे?

आधी सड्याविषयी. आपला जांभा लाखो वर्षांच्या पावसाने घडवलेला. पाण्याने सिलिका आणि क्षार धुऊन नेले, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अशाच दगडाला 'लॅटेराइट' नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. घराला चिरा उत्तम, पण झाडांच्या दृष्टीने हा उपाशी दगड! वर माती बोटभर, तिच्यात नायट्रोजन नावाला.

मग इथली काही झाडं शिकार करतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ओल्या सड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा दिसतो, ती 'सीतेची आसवं'. फूल नाजूक, पण खाली चिखलात तिच्या बारीक पिशव्या असतात. झाड पिशवीतलं पाणी बाहेर काढून आत कमी दाब तयार करतं. सूक्ष्म जीवाने दाराच्या केसाला धक्का दिला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. वेळ? एक मिलिसेकंदापेक्षाही कमी! मेकॅनिकलवाल्यांनो, हा व्हॅक्यूम पंप बिनमोटरचा आहे.

आता अळमी. जून-जुलैत वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात, आणि बाजारात त्यांना चांगला भाव मिळतो. ही बुरशी म्हणजे वाळवीची शेती. वाळवीला लाकूड नीट पचत नाही. ती अर्धवट पचलेल्या लाकूड-पाचोळ्याचे पोळ्यासारखे थर रचते, त्यावर ही बुरशी वाढते आणि ते पचण्याजोगं करते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम याने १९४२ साली हिला 'टर्मिटोमायसिस' नाव दिलं. लांब मुळासारखा देठ थेट खालच्या पोळ्यापर्यंत जातो. म्हणून बटण मशरूमसारखी हिची लागवड होत नाही, आणि हावरेपणाने वारूळ खणलं तर पुढच्या वर्षी तिथे अळमी नाही.

हॉस्टेलवाल्यांनी पुढचं नीट वाचा. दिसली छत्री की उपटून मॅगीत टाकायची नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्ली म्हणजे चालते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. हिरवळीवरच्या काही पांढऱ्या छत्र्या विषारी असतात. अमॅनिटा कुळातल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच सहा तासांहून अधिक वेळ लागतो. मधे बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. शंका आली तर वाट बघू नका. उरलेली छत्री बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. कुंपणावरची लाल-पिवळी कळलावीही अशीच. बघायला सुंदर, पण कंद जहरी.

मी स्वतः फक्त वही आणि कॅमेरा नेतो. तारीख, जागा, जमीन ओली की कोरडी, जवळ वारूळ आहे का, एवढं लिहितो. दोन-तीन पावसाळ्यांत आपल्या रस्त्याचं छान कॅलेंडर तयार होतं. त्याचा उपयोगही आहे. सडा पडीक समजून तिथे चिरेखाण सुरू झाली की ती बोटभर माती पहिल्यांदा जाते, आणि तिच्याबरोबर सीतेची आसवंही. तिथे काय होतं हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल, तर गेलं काय हे सांगणार कोण?

टायरमध्ये हवा भरा, रेनकोट घ्या, आणि हळू चला!