पेंव, कणगी व राख : धान्य राखण्याची घरगुती विद्या

धान्य पिकविणें जितकें कष्टाचें, तितकेंच तें वर्षभर राखणें शहाणपणाचें काम आहे. खळ्यावरून घरीं आलेलें धान्य किडीनें खाल्लें, तर शेतांतील सारे श्रम व्यर्थ होत. म्हणूनच आपल्या पूर्वजांनीं धान्यरक्षणाची एक स्वतंत्र विद्या घरोघर वाढविली होती. महसुली दप्तरांत गांवची जमीन, पीक, विहीर या साऱ्यांची नोंद आम्हीं वर्षानुवर्षें केली. परंतु या विद्येची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं. ती जाणत्या माणसांच्या हातांत व घरच्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं आहे, आणि त्यांच्यामागें ती टिकेल असा भरंवसा नाहीं. सबब तिच्यांतील कांहीं रीति व त्यांचीं कारणें येथें थोडक्यांत देतों.

ही विद्या फार जुनी आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तींत धान्य सांठविण्याचे खड्डे व कणग्या ठेवण्याचे मातीचे ओटे सांपडले.

पेंव म्हणजे जमिनीच्या पोटांत खणलेला रांजणाच्या आकाराचा खड्डा. त्याचें तोंड माणूस उतरेल एवढेंच अरुंद व पोट रुंद असतें. जागा उंचवट्याची, घट्ट मातीची व खालून पाणी न लागणारी निवडीत. आंतून शेणमातीनें लिंपून, वाळल्यावर आंत जाळ करून उरलेली ओल घालवीत. तळाशीं व कडेनें कडबा देऊन ज्वारी भरीत. वर भुसा, त्यावर दगडी झांकण, सांधे चिखलानें बंद, आणि सर्वांवर मातीचा उंचवटा, म्हणजे पावसाचें पाणी बाजूस वाहून जाई.

पेंवांत कीड कां लागत नाहीं, हें समजून घेतलें पाहिजे. दाणा हा सजीव आहे. तो व त्यांतील किडे श्वासोच्छ्वास करितात. त्यामुळें बंद पेंवांतील प्राणवायु संपत जातो व कर्बाम्लवायु वाढतो. बाहेरच्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो; आंतील प्रमाण शेंकडा ३ च्या खालीं जाऊन कांहीं दिवस तसेंच राहिलें, म्हणजे किडे मरतात. हल्लीं धान्याकरितां ज्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचें तत्त्व हेंच होय.

परंतु ज्या हवेनें कीड मरते, तिनें माणूसही मरतो. यास्तव जुने लोक पेंव उघडल्यावर तोंड बराच वेळ मोकळें ठेवीत, मग कंदील दोरीनें खालीं सोडून पाहात. तो विझला तर कोणी उतरत नसे. कंदील जळत राहिला तरी पुरी खात्री मानूं नये; कमरेस दोरी बांधून व वर दोन माणसें उभीं करूनच उतरावें. आंत कोणी बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागें दुसऱ्यानें उडी टाकूं नये. दोरीनेंच त्यास वर ओढावें. पेंवाची ही अर्धी विद्या विसरून उरलेली अर्धी वापरणें जिवावर बेतणारें आहे.

जागेचा नियमही असाच महत्त्वाचा. सांगलीजवळील हरिपूर हळदीच्या पेंवांकरितां प्रसिद्ध. पण २००५ च्या महापुरांत त्यांत पाणी शिरून हळदीचें मोठें नुकसान झालें. पेंवास पाण्यासारखा वैरी नाहीं.

पेंव मोठ्या राशीकरितां. घरखर्चाचें धान्य कणगींत ठेवीत. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची विणलेली व शेणमातीनें लिंपलेली उंच टोपली. ती दगडांवर, भुईपासून वर व भिंतीपासून दूर ठेवीत, म्हणजे ओल चढत नसे व उंदराचें बीळ दृष्टीस पडे. कडधान्याच्या बियाण्यांत चाळलेली कोरडी राख मिसळीत. राखेच्या बारीक कणांनीं किड्याच्या अंगावरील मेणासारखा थर झिजून त्याच्या अंगांतील पाणी उडून जातें. खाण्याच्या कडधान्यास तेलाचा हात देत. किलोस चहाचा एक चमचा पुरे होतो. भुंगा आपलीं अंडीं दाण्याच्या सालीवर चिकटवितो. तेलाच्या थरामुळें त्यांस हवा मिळत नाहीं. कडुलिंबाचा पाला मात्र सावलींत वाळवूनच घालावा; ओल्या पाल्यानें बुरशी येते.

या साऱ्यांचें मूळ कोरडेपणांत आहे. कोरड्या कांचेच्या बाटलींत मूठभर धान्य व चमचाभर कोरडें मीठ घालून चांगलें हलवावें. मीठ कांचेस चिकटलें तर धान्यांत ओल शेंकडा १५ हून अधिक समजावी. न चिकटलें तरी दाणा दांताखालीं कटकन् फुटेपर्यंत वाळवावा. वर्षभर ठेवावयाच्या ज्वारींत शेंकडा १२ हून अधिक ओल नसावी.

ही माहिती मागें पडल्यानें होणारी हानि केवळ धान्याची नाहीं. कित्येक घरांतून आतां धान्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवितात. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फीन नांवाचा अति विषारी वायु निघतो. निजण्याच्या खोलींतील धान्यांत त्या ठेवल्यानें लहान मुलें दगावल्याचीं उदाहरणें घडलीं आहेत. या गोळ्या तज्ज्ञांवांचून कोणीं हाताळूं नयेत. राहत्या घरांत तर मुळींच नकोत. चार पायल्या तुरीकरितां घरांतील माणसांचा जीव धोक्यांत घालणें हा कोणता व्यवहार?

तेव्हां सभासदांस आमची विनंति अशी कीं, प्रत्येकानें आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक तरी रीति विचारून लिहून काढावी. कोणतें धान्य, कोणता महिना, कोणती वस्तु, तिचें माप किती, हें सर्व त्यांत यावें. ‘आजी असें करीत असे’ एवढ्यानें भागत नाहीं. कां करीत असे व काय करूं देत नसे, हेंही लिहावें. असें एक-एक टिपण गांवोगांवच्या शेतकरी संघाच्या दप्तरीं जमा झालें, तर पुढील पिढीस ही विद्या नव्यानें, आणि नुकसान सोसून, शिकावी लागणार नाहीं.