सॅन स्टॉर्मचं इंजिन कुठे हवं होतं?

रेल्वे इंजिनं बांधणाऱ्या बंगळुरूच्या सॅन कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात एक दोनआसनी, उघडी गाडी तयार केली : सॅन स्टॉर्म. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनॉचं, 1149 सीसीचं, जेमतेम 60 अश्वशक्तीचं. बॉडी मात्र फायबरची, आणि हा हिशेब चोख होता. पत्र्याच्या बॉडीला मोठाले प्रेस आणि महागडे साचे लागतात. हजारोंनी गाड्या खपल्या तरच तो खर्च निघतो. फायबरला ही अट नाही. तरीही स्टॉर्म रस्त्यावर दुर्मीळच राहिली. ‘आपल्या ऊन-पावसात उघडी गाडी कोण घेणार?’ हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण.

ते मला अर्धंच पटतं. मे महिन्यात हिंगोलीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा छप्पर उतरवणं वेडेपणाच. पण उतरवलेलं छप्पर चढवताही येतं. नोव्हेंबरातल्या सकाळी औंढा नागनाथच्या रस्त्याला जी हवा असते, ती इंग्लंडच्या नशिबी क्वचितच. आणि तरी एमजी, ट्रायम्फसारख्या उघड्या गाड्या त्याच पावसाळी देशात रुजल्या. खोट मला गाडीतच दिसते. रेनॉचं इंजिन आणि गिअरबॉक्स हा एकसंध जोड होता; तो स्टॉर्मनं जसाच्या तसा पुढे बसवला आणि पुढचीच चाकं फिरवली. रूप स्पोर्ट्‌स कारचं, चालणं घरगुती गाडीचं. फियाटनं 1972 साली एक्स-वन-नाइनमध्ये 128 या साध्या कुटुंबाच्या गाडीचा असाच जोड उचलून सीटांमागे बसवला होता. वजन मध्यावर आलं, जोर मागच्या चाकांना मिळाला. पुढे मोकळ्या झालेल्या डिकीत काढलेलं छप्पर ठेवायची सोय झाली, म्हणजे वाटेत पाऊस आला तरी ते सोबतच. सुरुवातीचं इंजिन तेही 1290 सीसीचंच. तरी ही गाडी 1989पर्यंत बनत राहिली.

यावर कारखानदार म्हणेल, इथे गिऱ्हाईकच नव्हतं, इंजिन कुठेही ठेवा. पण दुसरी गाडी निव्वळ हौसेसाठी घेणारा माणूस मारुतीशी तुलना करत बसत नाही. पहिल्या गाडीत जे मिळत नाही ते त्याला हवं असतं, आणि स्टॉर्मकडे त्यातलं रूप तेवढं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मागच्या इंजिनाला थंड ठेवायला पुढच्या रेडिएटरपासून लांबलचक नळ्या न्याव्या लागतात. आपल्याकडच्या उन्हात, बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना त्यांची कसोटी लागली असती, आणि अशी गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळाला नसता. तो पुढच्या इंजिनाच्या स्टॉर्मलाही सहज मिळत नव्हताच.