कुरणाचा धनी

१९४५ सालच्या ऑक्टोबरात, त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांतील वारल्यांनी जो संप पुकारला, त्याची प्रमुख मागणी एका ओळीत मावण्याजोगी होती: पाचशे रत्तल गवत कापून दिल्याबद्दल अडीच रुपये मजुरी मिळावी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पत्करावी लागणारी, गुलामी यापुढे सोसणार नाही, असा निर्धार या लोकांनी केला होता. शामराव व गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्या पाठीशी होती. आणि १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा जेठ्या गांगड आणि त्यांचे चार सहकारी प्राणास मुकले. वेठीची कथा गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळे मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. परंतु ज्या गवताच्या कापणीवरून हे रक्त सांडले, त्याच्या अर्थकारणाकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही, आणि शेतजमिनीच्या आधाराने धनिकांना मिळणाऱ्या करसवलतींचा विचार करताना मला तेथूनच आरंभ करावासा वाटतो.

हे गवत मुंबईच्या जनावरांसाठी होते. १८७४ पासून १९०७ पर्यंत त्या शहरातील ट्रामगाड्या घोडे ओढीत असत. पुढे ट्राम विजेवर चालू लागली तरी टांगे आणि व्हिक्टोरिया राहिल्या, आणि त्यांच्यापेक्षाही मोठी मागणी राहिली ती म्हशींच्या तबेल्यांची. ताजी व्यालेली म्हैस गुजरातेतून किंवा उत्तरेकडून विकत आणावी, आटेपर्यंत पिळावी आणि आटली की काढून टाकावी, असा तबेल्याचा व्यवहार. तबेलेवाल्यापाशी चराऊ जमीन एक बिघाही नाही, आणि वैरणीची प्रत्येक काडी विकतची. म्हशी मुंबईत आणि त्यांचे कुरण शंभराहून अधिक किलोमीटर दूर डहाणूच्या डोंगरउतारावर, अशी ही विभागणी आगगाडीने शक्य केली, आणि एकही जनावर न पाळता गुरांच्या धंद्यावर जगणारा जमीनमालकांचा वर्ग तिने निर्माण केला.

जमीनमालकाच्या दृष्टीने गवतासारखे दुसरे पीक नव्हते. भाताला नांगर, बैल, राब, बियाणे, लावणी आणि बेणणी हवी. वरकस जमिनीवरचे गवत पावसाच्या कृपेने आपोआप उगवते, आणि मालकाला माणसे लागतात ती दसऱ्यानंतरच्या काही आठवड्यांपुरतीच. त्या आठवड्यांचे कष्ट मात्र सारे कापणाऱ्याचे. वाळलेल्या गवताचे कुसळ पोटरीत आणि लुगड्यात रुतते, विळ्याने मूठमूठ कापून पेंढ्या वळाव्या लागतात, त्यांचे भारे डोक्यावरून काट्यापर्यंत न्यावे लागतात, आणि काटा मालकाचा. पाचशे रत्तल म्हणजे सव्वादोनशे किलोंहूनही थोडे अधिक; वाळलेल्या, हलक्या गवताचे एवढे वजन भरण्यास केवढी रास लागते, हे ज्याने भारा उचलला असेल त्याला सांगावयास नको.

गवताचा आणखी एक गुण कायद्याने दाखवून दिला. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने, कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक केले, परंतु जेथे कोणी कसतच नाही, केवळ मजुरीने कापतो, तेथे कूळ कोणास म्हणावे? सातबाऱ्यावर मालकाचे नाव, पीकपाहणीत गवत, आणि कापणाऱ्याची नोंद कोठेच नाही. शेजारच्या पारडी तालुक्यात, जो तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात होता, १९५३ साली ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी खासगी गवती जमिनींत शिरून नांगर धरण्याचा सत्याग्रह केला, तो याच कारणाने: अन्नधान्याचे तुटवडे असताना पिकाऊ जमीन गवताखाली अडकून पडावी, हे त्यांना असह्य झाले. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने कुळकायद्यात जे कलम ४३-अ घातले गेले, त्यात ऊस, फळे आणि फुले यांच्याबरोबर पशुधनाच्या पैदाशीसाठी दिलेल्या पट्ट्यांनाही कुळाच्या खरेदीहक्कातून वगळण्यात आले. गुरांच्या नावाने राखलेल्या जमिनीस मिळालेले हे संरक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच सुमारास अमेरिकेत गुरांचा निराळाच उपयोग चालू होता. तेथे १९५० च्या दशकातील बहुतेक काळ प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता, आणि दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कर २५ टक्क्यांहून अधिक नव्हता. शहरातील एखादा डॉक्टर किंवा नट पैदाशीच्या गाई घेई. त्यांच्या चाऱ्याचा आणि निगराणीचा खर्च त्याच वर्षी आपल्या अन्य उत्पन्नातून वजा करी, म्हणजे शंभर डॉलरच्या खर्चातले नव्वदपर्यंत डॉलर सरकारच्या तिजोरीतून भरून निघत. आणि कळप वाढला की तो विकून आलेल्या रकमेवर २५ टक्के भरून मोकळा होई. शेतकऱ्याला हिशेब सोपा जावा म्हणून दिलेली ही सोय, ज्याने कधी गोठ्यात पाऊल टाकले नाही त्याच्या कामी आली, आणि खऱ्या पशुपालकास तोट्याची तमा नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झगडावे लागले. १९६९, १९७६ आणि १९८६ च्या कायद्यांनी तेथील काँग्रेसने ही वाट टप्प्याटप्प्याने पुष्कळशी बंद केली.

आपल्याकडे गाय या कामी येत नाही. राजा बिनयकुमार सहास रॉय यांच्या प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतीची जी व्याख्या केली, तीनुसार जमिनीची मशागत, पेरणी, लावणी हे मूलभूत श्रम असल्याखेरीज उत्पन्न शेतीचे ठरत नाही. केवळ दुग्धव्यवसाय, पशुपैदास किंवा कुक्कुटपालन म्हणजे शेती नव्हे. म्हणून डहाणूचा गवळी दुधाच्या नफ्यावर कराच्या कक्षेत येतो. व्यवसायातले जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले, तर त्याची मूळ किंमत आणि हाती आलेली रक्कम यांतील फरक प्राप्तिकर कायद्याने वजा करता येतो, एवढाच काय तो दिलासा. परंतु त्याच गवताळ उतारावर खड्डे घेऊन चिकूची कलमे लावली, त्यांना पाणी घातले, की त्यांचे उत्पन्न निःसंशय शेतीचे, आणि १८८६ पासून चालत आलेल्या सवलतीप्रमाणे करमुक्त. घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या बागा राबवणाऱ्यांचे खरे कष्ट आहेत. माझा रोख त्यांच्यावर नाही. माझा रोख आहे तो अन्यत्र मिळवलेला पैसा बागेच्या नावे दाखवण्याची सोय करून देणाऱ्या व्यवस्थेवर.

ही सोय श्रीमंतासच अधिक फळते, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. १९७३ पासून शेतीचे उत्पन्न करमुक्त राहूनही अन्य उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना हिशेबात धरले जाते. पण त्यामुळे खालच्या दरांच्या टप्प्यांचा लाभ तेवढा जातो, आणि तो एकदा गेला की पुढचा शेतीचा प्रत्येक रुपया पूर्ववत करमुक्त. ज्याचे उत्पन्न मुळातच कराच्या उंबरठ्याखाली आहे, अशा डहाणूशेजारच्या तलासरीच्या भातशेतकऱ्यास ही सवलत कवडीचीही नाही. शिवाय डहाणू नगरपरिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरांपलीकडची ग्रामीण शेतजमीन कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नव्हे, म्हणून तिच्या विक्रीवरही कर नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी तपासलेल्या शेतीउत्पन्नाच्या प्रकरणांपैकी २२ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत पुरेशा कागदपत्रांवाचून सूट दिली गेल्याचे त्यांना आढळले.

मुंबईचे तबेले शहराबाहेर काढण्याचा विचार १९४९ साली दारा खुरोडी यांच्या आरे वसाहतीने प्रत्यक्षात आला, आणि नंतर सरकारने डहाणूच्याच भागात महामार्गालगत दापचरीस मोठा दुग्धप्रकल्प उभारला. त्यासाठी जमीन गेली ती आदिवासींची. प्रकल्प मात्र हळूहळू ओसरला. आज महसूल संहितेच्या ३६-अ कलमामुळे आदिवासीची जमीन शासनाच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीस घेता येत नाही, आणि हे संरक्षण जपलेच पाहिजे. परंतु त्याआधीच जी गेली, ती आज कोणाच्या नावे आहे आणि तिच्या आधाराने किती उत्पन्न करमुक्त ठरते, हे तलाठ्याच्या दप्तरातून आणि प्राप्तिकर खात्याच्या कागदांतून एकत्र ताडून पाहणे अशक्य नाही.

१९७२ साली प्राध्यापक के. एन. राज यांच्या समितीने सुचवले होते, की ठराविक मूल्याच्या वरील शेतीधारणेवर तिच्या उत्पादकतेप्रमाणे चढता कर बसवावा आणि लहान शेतकऱ्यास पूर्णपणे मोकळे ठेवावे. शेतीउत्पन्नावरील कर हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने निर्णय राज्यांच्या हाती होता, आणि त्यांनी तो टाळला. ती शिफारस आता पुन्हा काढावी, आणि सूट सरसकट न ठेवता तिला वरची मर्यादा घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मर्यादा पुष्कळ उदार ठेवली, तरी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर स्वतः नांगर धरणाऱ्या एकाही कुटुंबास तिची झळ लागणार नाही.