लाइट गो, लूम स्टॉप

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीसुद्धा नसतील. पद्मशाली घरांतली तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडची कन्नड, दखनी बोलणारी मुसलमान मुलं, तांड्यावरून वसतिगृहात आलेली बंजारा. इंग्रजीच्या निबंधात मात्र यातलं काही डोकावत नाही. तिथे सगळ्यांचा ‘माय बेस्ट फ्रेंड’ एकच, गाइडमधला. त्याचे वडील डॉक्टर, आई प्रेमळ, आणि तो रोज पहाटे व्यायाम करतो!

मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजी शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः इंग्रजीत चार ओळी लिहितात? रजेचा अर्ज सोडून म्हणतेय मी. ॲलन मेइली यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. हे ब्रिटिश कौन्सिलमध्ये मुरलेले गृहस्थ. १९८० च्या दशकात चेन्नईत राहून दक्षिण भारताचं काम पाहिलेले. पुढे बँकॉकच्या विद्यापीठात असताना, २००३ साली, त्यांनी आशियातल्या काही इंग्रजी शिक्षकांना एकत्र बसवलं आणि लिहायला लावलं. यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. इंग्रजीतलं साहित्य तिकडच्यांनी लिहायचं आणि आपण ते समजावून सांगायचं, अशी वाटणी त्यांनी मनोमन मान्य करून टाकलेली. मेइलींचं म्हणणं असं, की तुमच्या विद्यार्थ्यांसाठी गोष्टी-कविता तुम्हीच लिहा.

मग मलाक्का, फूचौ, हनोई, सालातिगा, काठमांडू असा हा गट फिरत राहिला. पद्धत साधी. थोडे दिवस एकत्र राहायचं, लिहायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं, दुरुस्त करायचं. त्यातून पुस्तकं निघाली. ‘एशियन स्टोरीज फॉर यंग रीडर्स’ ही मालिका मेइली आणि मलेशियाचे प्राध्यापक जयकरन मुकुंदन यांनी मिळून संपादित केली. परक्या गोष्टीतला प्रसंग कळण्याआधी मुलांना ते गाव, तिथली हवा, तिथली घरं हे सगळं समजावून द्यावं लागतं. आशियाई शिक्षकाने लिहिलेल्या गोष्टीत तो वेळ वाचतो आणि मुलं थेट गोष्टीला भिडतात. पण मला याहून मोठा फायदा दुसराच वाटतो. स्वतः लिहायला बसलेल्या शिक्षकाला वाक्य कुठे अडतं ते कळतं, आणि त्याचं लाल पेन जरा सबुरीने चालायला लागतं.

आम्ही सात-आठ शिक्षकही महिन्यातून एका रविवारी एकीच्या घरी जमतो आणि लिहितो. तिथे जमलेलं मग वर्गात नेतो. सगळ्यात चाललेला प्रकार जॉर्ज एला लायन या केंटकीच्या डोंगराळ भागातल्या कवयित्रीचा. तिच्या ‘व्हेअर आय ॲम फ्रॉम’ या कवितेच्या धर्तीवर जगभरचे भाषाशिक्षक मुलांकडून लिहून घेतात. मी कुठली, याचं उत्तर गावाच्या नावाने द्यायचं नाही. घरातल्या वस्तू, वास, आवाज, जेवण, मोठ्यांची पालुपदं यांनी द्यायचं. सुरुवातीचे शब्द ठरलेले आणि पुढे नुसती नामं, त्यामुळे काळ चुकण्याची धास्ती नाही. मागच्या बाकावरची मुलंही पान भरतात. माझी अट एकच, ‘लव्ह’ आणि ‘हॅपी फॅमिली’ बंद!

पहिल्याच खेपेला विड्यांचं सूप आलं, तेंदूची पानं आली, बतुकम्माच्या सणाची फुलं आली, कडक भाकरी आली. एका मुलीचं घर यंत्रमागांना लागून. तिने ठरलेली सुरुवात सोडूनच दिली आणि लिहिलं, ‘लाइट गो, लूम स्टॉप, वी वेक अप.’ खडखडाटात झोपायची सवय, वीज गेली की शांततेने जाग येते. दुसऱ्या खर्ड्यात तिने आपणहून ‘गोज’ आणि ‘स्टॉप्स’ केलं. बरोबरच होतं, बोर्डाच्या परीक्षेत तेच लागणार. पण पहिल्या ओळीतला ठेका गेला. दोन्ही ओळी वहीत राहू दे म्हटलं.

या प्रकारात एक खोट आहे. ‘तुझी संस्कृती लिही’ म्हणून मुलाच्या मागे लागलं, की त्याला पुन्हा एक गाइडच हातात दिल्यासारखं होतं. तांड्यावरच्या एका मुलाने याडीचा, म्हणजे आईचा, फेटिया घागरा, होळीतली लेंगी गीतं यांतलं काही लिहिलं नाही. पुण्यात पार्सलं पोचवणाऱ्या भावाचा जुना मोबाइल त्याने लिहिला. काच नेमकी वेळ दिसते त्या कोपऱ्यात फुटलेली. तो जे निवडेल ते त्याचं. बाईंनी त्याच्याकडून बंजारापण वसूल करायला जाऊ नये.

इंग्रजी मोठी समतावादी भाषा आहे, असा माझा दावा नाही. कॉन्व्हेंटच्या बसकडे माझी मुलं कशी बघतात ते मी रोज पाहते. पण वर्गात इंग्रजी कुणाच्याच घरची नाही. मराठीच्या तासाला उच्चारावरून ज्यांची चेष्टा होते, ती मुलं इथे आधी हात वर करतात.

या वर्षीच्या कवितांच्या आम्ही झेरॉक्स काढून, स्टेपल मारून वह्या केल्या. त्या बघून गणिताचे सर रविवारी यायचं म्हणतायत, फक्त ऐकायला. तसं चालत नाही, वही-पेन घेऊन या, असं त्यांना सांगितलं आहे.