मुक्त आज्ञावली आणि परवान्याची सूचना

शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांत संगणकाचा वापर आता नित्याचा झाला आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजेच मुक्त आज्ञावली, बहुधा विनामूल्य मिळते आणि तिच्या प्रती इतरांस देण्याची मुभाही असते. अशा आज्ञावलींच्या वापरास प्राधान्य देणारे धोरण केंद्र शासनाने २०१५ साली जाहीर केले. तथापि, जे विनामूल्य ते बिनमालकीचे, असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे.

मालकी कोणाची?

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत झाली. पुस्तकाप्रमाणेच आज्ञावली लिहिली जाताच तिचा हक्क तिच्या कर्त्याकडे वा त्याच्या मालकसंस्थेकडे येतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नसते. इतरांना ती वापरता येते ती कर्त्याने दिलेल्या परवान्यामुळे. ज्या आज्ञावलीसोबत परवानाच नाही, ती केवळ सहज उपलब्ध आहे म्हणून मुक्त ठरत नाही.

परवान्याच्या अटी

‘एमआयटी’ परवान्यानुसार कर्त्याची कॉपीराइट सूचना व परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवावा लागतो. ‘बीएसडी’ परवान्यात ही अट चालू स्थितीतील प्रतीसोबतच्या कागदपत्रांनाही लागू होते. ‘जीपीएल’ परवान्यात याखेरीज मूळ संहिता उपलब्ध करून देणे व केलेल्या फेरफाराची नोंद करणे बंधनकारक आहे.

पॅकेजमधील नोंद

आज्ञावली संगणकावर बसविण्यासाठी तिच्या सर्व फायली एकत्र बांधून जो संच तयार करतात, त्यास पॅकेज म्हणतात. एकाच पॅकेजमध्ये अनेक कर्त्यांच्या व निरनिराळ्या परवान्यांच्या फायली असू शकतात. म्हणून १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या प्रणालीत प्रत्येक पॅकेजसोबत ‘कॉपीराइट’ नावाची फाइल असते. मूळ संहिता कोठून घेतली, हक्कधारक कोण आणि कोणत्या भागास कोणता परवाना लागू आहे, हे तीत नमूद असते. जमिनीच्या उताऱ्यावर हक्कदारांची नावे असावीत, तशीच ही नोंद होय.

मराठीच्या वापरातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘लोहित’ हे देवनागरी टंक २००४ साली जीपीएल परवान्याखाली खुले झाले. २०११ साली त्यांचा परवाना बदलून ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ करण्यात आला. त्यामुळे हाती असलेल्या प्रतीसोबत कोणता परवाना आहे, हे पाहूनच पुढील वितरण करणे इष्ट ठरते.

सूचना काढून टाकल्यास

अमेरिकेत खेळण्यातील आगगाड्या चालविण्यासाठी हौशी स्वयंसेवकांनी एक मुक्त आज्ञावली तयार केली होती. तिच्यातील काही फायली एका व्यावसायिक आज्ञावलीत वापरल्या गेल्या. मात्र कर्त्यांची नावे, कॉपीराइट सूचना व परवान्याचा उल्लेख त्यांत ठेवला गेला नाही. ‘जेकबसेन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्यात अपील न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की, परवान्यातील अशा अटी मोडणे हा केवळ करारभंग नसून तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. आज्ञावली विनामूल्य असल्याने अटींचे महत्त्व कमी होत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

कोणती दक्षता घ्यावी?

आज्ञावलीची प्रत देताना पॅकेज संपूर्ण द्यावे. ‘लायसन्स’, ‘कॉपीइंग’ व ‘नोटिस’ या नावांच्या फायली निरुपयोगी समजून पुसू नयेत. शाळेने वा कार्यालयाने फेरफार केल्यास आपले नाव व दिनांक मूळ सूचनेखाली लिहावा. मूळ कर्त्याचे नाव खोडून तेथे आपले घालू नये. परवान्याचा मजकूर मूळ शब्दांतच ठेवावा. मराठी अनुवाद हवा असल्यास तो सोबत जोडावा.

अशा अनेक आज्ञावलींच्या कर्त्यांना नामोल्लेखाखेरीज दुसरा मोबदला मिळत नाही. तो त्यांना मिळत राहील, हे पाहणे वापरणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.