डोलकाठीचे तणावे

दारव्ह्याच्या शिवारांतून जाणारी विजेची तार जेथें वळण घेते, तेथल्या खांबाला वळणाच्या बाहेरच्या बाजूस एक जाड तार जमिनीपर्यंत ताणून बांधलेली असते. हा तणावा ढिला पडला कीं खांब कलूं लागतो. शिडाच्या होडीची डोलकाठी अशाच तणाव्यांच्या आधारानें उभी असते. भेद इतकाच कीं, खांबावरचा ओढा सदैव एका दिशेचा असतो, आणि डोलकाठीवरचा वाऱ्याचा ओढा घटकेंत डावीकडे तर घटकेंत उजवीकडे असतो.

कोंकणच्या जुन्या मचव्यांवर यास साधी तोड होती. आधाराचा दोर वाऱ्याच्या बाजूस आणून आवळीत, आणि होडीनें बाजू पालटली कीं तो सोडून दुसरीकडे बांधीत. आजच्या लहान होड्यांचे तणावे पोलादी तारेचे व स्थिर असतात: एक पुढें नाळेकडे, दोन किंवा चार बाजूंस, आणि कांहीं होड्यांत एक मागें. १९८२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत मुंबईच्या समुद्रावर फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं ज्या फायरबॉल जातीच्या होडींत सुवर्णपदक मिळविलें, ती सुमारें १६ फुटांचीच असते. अशा होड्या मोटारीमागच्या ट्रेलरवरून कोणत्याही तलावावर नेतां येतात. मात्र त्यासाठीं डोलकाठी उतरवावी लागते, आणि पाण्याकांठीं पुन्हां उभारावी लागते. म्हणून तणावे दर खेपेस तपासणें प्राप्त होतें.

बाजूचा तणावा डोलकाठीशीं फार लहान कोन करतो. तो १२ अंशांचा धरला, तर शेंड्यावरचा १० किलोचा आडवा ओढा थोपविण्यास तारेंत सुमारें ४८ किलोचा ताण यावा लागतो. आणि जवळजवळ तितक्याच भारानें डोलकाठी होडीला खालीं दाबते. तणावे ढिले असले, तर लाटेगणिक हिसके बसून तार थकते. ते अति आवळले, तर होडी धनुष्य, तणावे प्रत्यंचा आणि डोलकाठी बाण अशी स्थिति होते: होडीचीं दोन्ही टोकें वर ओढलीं जातात आणि मधला भाग खालीं दबतो. तेव्हां घट्टपणा हें ध्येय नव्हे; समतोल हें ध्येय होय.

उभारणीपूर्वीं वर पाहावें. धातूची डोलकाठी विजेच्या तारेस टेकली, तर प्राणावर बेततें. तारा नसलेल्या जागींच ती उभी करावी.

तणाव्याच्या खालच्या टोकास टर्नबकल असतें. आगगाडीचे दोन डबे जोडणारें मळसूत्र ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्याची रचना निराळी सांगावयास नको. होडी समपातळींत ठेवून, शीड चढविण्याच्या दोरीनें मापाची फीत शेंड्यापर्यंत न्यावी, आणि दोन्ही कांठांवरील सारख्या ठिकाणांपर्यंतचें अंतर मोजावें. तीं अंतरें सारखीं होईपर्यंत एक बाजू जितके फेरे आवळावी, तितकेच फेरे दुसरी सोडावी. मग त्याच दोरीस वजन बांधून ओळंबा सोडावा आणि डोलकाठी मागें किती झुकली आहे तें पाहावें. हा कल पुढच्या तणाव्याच्या लांबीनें ठरतो. तो थोडा मागें असला, तर सुकाणू हातांतून सुटल्यास होडी वाऱ्याकडे तोंड करून आपोआप थांबते. फार मागें असला, तर सुकाणूशीं सारखें झगडावें लागतें.

त्यानंतर बाजूचे वरचे तणावे आवळावे, आणि शेवटीं खालचे. डोलकाठीच्या बुडाशीं डोळा लावून वर पाहिलें असतां ती मध्यें वांकडी दिसतां कामा नये. १९ पदरी पोलादी तारेची दोन मीटर लांबी एक मिलीमीटरनें वाढली, म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या शेंकडा ५ ताण आला असें समजतात. वरच्या तणाव्यांस बहुधा शेंकडा १० ते १५ पुरतो. बांधणाऱ्यानें निराळा आंकडा दिला असल्यास तोच प्रमाण.

खरी परीक्षा वाऱ्यांत होते. होडी चांगली कलली असतां वाऱ्याआडचा तणावा किंचित् सैल दिसावा, पण लोंबकळूं नये. लोंबकळल्यास तोच एकदोन फेरे आवळावा, होडी वळवून दुसऱ्या बाजूसही तितकेंच करावें. ताणलेल्या बाजूचें टर्नबकल कधींही फिरवूं नये. त्याचे आटे खरवडून जातात.

२१ सप्टेंबर २०१८ रोजीं हिंदी महासागरांतील वादळानें नौदलाचे अभिलाष टॉमी यांची गोव्यांत बांधलेली ‘थुरिया’ लोळविली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीस जबर दुखापत झाली, आणि २४ तारखेस ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांस उचलून घेतलें. तसल्या लाटांपुढें उत्तम जुळवणीही हात टेकते. तलावावरच्या होडीची डोलकाठी आडवी होण्यास मात्र एक विसरलेली पिन पुरते. टर्नबकल आपोआप उलगडूं नये म्हणून त्यांत घालावयाची ही पिन चार आण्यांएवढीही जागा व्यापत नाहीं. परंतु ती घातल्यावांचून वरचें सारें मोजमाप व्यर्थ होय.