टोचन लावलेली लष्करी जीप

कन्हान नदीकाठी 1821 साली वसलेली कामठीची छावणी एका अंगाला आणि 1969 पासून कित्येक वर्षे जोंगा गाड्या घडविलेला जबलपूरचा वाहन कारखाना दुसऱ्या अंगाला, अशा मुलखात राहणाऱ्या नागपूरकरास लष्कराने निकालात काढलेली जीप वा जोंगा पदरी बाळगण्याची हौस जडली तर त्यात नवल नाही, परंतु लिलावाचे दस्तऐवज हाती पडताच, बंद अवस्थेतील ते धूड घरी आणावयाचे कसे, हा प्रश्न उभा राहतो, आणि ट्रेलरचे भाडे ऐकून विचारात पडलेल्या मालकास मिस्त्री निर्धास्तपणे सांगतो, "टोचन लावून आणू, साहेब."

या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या; त्या जीपचे वजन सुमारे 1,100 किलो, आणि तिच्या स्टिअरिंगला वा ब्रेकला इंजिनाच्या शक्तीचे साहाय्य मुळातच नसल्यामुळे, इंजिन बंद असतानाही मागे बसलेला चालक केवळ पायाच्या जोरावर तिला आवरू शकतो. आजच्या मोटारीचे तसे नाही. इंजिन थांबले की ब्रेकचे पेडल थोड्याच वेळात दगडासारखे घट्ट होते.

खरी मेख आहे ती गिअरपेटीत. ओढल्या जाणाऱ्या गाडीची चाके फिरली की प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, आणि केवळ मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये टाकलेला असेल तर पेटीतील मुख्य दंड फिरत राहतो खरा, पण त्याच्यावर तेल उडविणारे खालचे गिअर स्वस्थ बसतात, व बेअरिंग कोरडी पडून होरपळतात. म्हणून ट्रान्सफर केसचा दांडाच न्यूट्रलवर आणावयाचा, आणि पल्ला थोडा अधिक असल्यास शाफ्ट सोडवून गाडीत टाकावयाचे. मात्र युद्धकालीन जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील ड्रमवर असतो, हे ध्यानी असावे. मागचा शाफ्ट निघाला की हँडब्रेक पुरता ओढूनही ती उतारावर खुशाल घरंगळते, तेव्हा चाकांखाली लाकडी ठोकळे लावल्यावाचून पान्याला हात घालू नये. उलट शाफ्ट जागेवर ठेवून हँडब्रेक सोडावयाचा विसरला, तर ड्रममधून धूर निघालाच म्हणून समजा.

दोरापेक्षा लोखंडी दांडा बरा, हे माझे स्पष्ट मत आहे. पुढची गाडी थबकली की दोर सैल पडतो आणि मागची तिच्यावर जाऊन आदळते. चासिसला बोल्टांनी जखडलेला त्रिकोणी दांडा ते अंतर कायम राखतो. त्याला एकच पथ्य, मागे घेण्याची सक्त मनाई, कारण पुढची चाके आडवी वळून दांडा वाकतो. शिवाय युद्धकालीन जीपची वीज 6 व्होल्टची. तिच्या मागच्या दिव्यांना 12 व्होल्टच्या गाडीतून तार जोडली तर बल्ब जळतात, म्हणून प्रवास दिवसाउजेडीच करावा.

आता कायद्याची बाजू. 1989 च्या रस्ते विनियमांत टोचनाची मुभा होती ती नादुरुस्त वा अपुऱ्या जोडणीच्या वाहनाला, आणि तीही ताबा देण्यापुरती किंवा जवळच्या गॅरेज वा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक, दोन गाड्यांत पाच मीटरांहून अधिक अंतर नाही, मागे 'ऑन टो' अशी पाटी, आणि वेग ताशी 24 किलोमीटरांच्या आत, असा तो बंदोबस्त होता. 2017 साली नवे विनियम आले; निघण्यापूर्वी त्यांतील टोचनाचे कलम वाचून खातरजमा करून घ्यावी.

कामठीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतचा सपाट रस्ता, भल्या पहाटे नव्हे तर चांगले उजाडल्यावर, या पद्धतीने सुखरूप पार पडेल. जबलपूरची वाट मात्र सुमारे 270 किलोमीटरांची; 24 च्या वेगाने अकरा तासांहून अधिक, आणि वाटेत कुरईचा घाट, जेथे उतारावर दोन गाड्यांचा भार एकट्या पुढच्या ब्रेकवर येऊ शकतो. तिकडून येणारी जोंगा ट्रकवर चढवूनच आणावी.